कामगंध आणि गुगुळ

नवरात्र आलं की माझं डोकं चढतं. आमच्या इमारतीत दर संध्याकाळी कुणी ना कुणी धुपाटणं घेऊन जिन्यातून फिरतं, गुगुळाचा तो गोडसर, घशात बसणारा वास दाराच्या फटीतून आत येतो आणि मी उठून खिडकी उघडते. खिडकीबाहेर भिवंडी आहे, म्हणजे यंत्रमागांची खडखड आणि नाल्याचा वास. गुगुळ की नाला, असं निवडायचं तर मी नाला निवडते. समोरच्या काकूंनी एकदा हसत विचारलं होतं, "देवीचा धूप पण चालत नाही का हो तुम्हाला?" मी म्हटलं, ॲलर्जी आहे. तेव्हापासून त्या मला नास्तिक समजतात आणि मी त्यांना तसं समजू देते. खरं कारण सांगायला बसले तर त्यांचा चहा गार होईल.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कीटकांच्या गंधांचा धडा नेमका याच दिवसांत येतो. फळ्यावर 'कामगंध' हा शब्द लिहिला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. कुणीतरी विचारतोच, "मॅडम, मतलब परफ्यूम?" पूर्वी मी म्हणायचे, हो रे बाबा, परफ्यूमच; फक्त याची बाटली विकत मिळत नाही आणि हा लावून खोटं बोलता येत नाही. आता शेवटचं वाक्य मी गाळते, कारण ते खरं नाही.

धान्याच्या गोदामात एक परजीवी माशी असते, मुंगीहूनही बारीक. दाण्याच्या पोटात सोंडकिड्याची अळी वाढत असते. ही माशी बाहेरून दाण्याला भोक पाडते, त्या अळीवर अंडं घालते, आणि तिचं पिल्लू अळीला खात खात दाण्यातच मोठं होतं. आत मादी असेल तर बाहेर पडायच्या आधीच तिचा गंध दाण्यातून झिरपू लागतो. नर त्या दाण्यावर येऊन वाट बघत बसतात. आता गंमत अशी की आत नर असला तरी तोही तोच गंध सोडतो, मादीचा. बाहेरचे प्रतिस्पर्धी आशेनं ताटकळतात आणि शेवटी आतून निघतो त्यांच्यासारखाच एक मिशाळ. तोवर खऱ्या मादीचा दाणा भलतीकडेच उघडलेला असतो. मुलं इथं पोट धरून हसतात. मला मात्र माझा दादा आठवतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं घर दिघाशीला. बाबा गेल्यावर शेत दादाकडे आलं, पण त्याचा जीव शेतात कधीच नव्हता. तो वडप्याच्या एका गोदामात ड्युटीला होता. दिवसभर ट्रक मोजायचे, हमालांवर ओरडायचं, आणि संध्याकाळी मोटरसायकलवरून घरी यायचं. येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्याच वर्गातली मुलं आता शेठ होऊन बसलेली दिसायची. त्यांनी जमिनी दिल्या, त्यांवर गोदामं उठली, आणि ते पांढऱ्या गाड्यांतून हात करायला लागले. दादाला ते हात फार लागायचे. हे मी समजू शकते. उन्हात दुसऱ्याच्या गोण्या मोजणाऱ्या माणसाला सावलीत बसलेला मित्र दिसला की कुठंतरी जळतंच.

वहिनीचं तसं नव्हतं. ती लग्न होऊन आली ती थेट वाकणातल्या शेतात उतरली, असं आई म्हणायची. ओढा जिथं वळतो तिथं आमचा तो तुकडा होता. चिखल मांडीपर्यंत, आणि भात असं की ओंबी वाकून बांधाला टेकायची. वहिनी त्या शेताशी बोलायची. म्हणजे खरंच बोलायची, "आज काय रुसलास का रं" वगैरे. पावसाळ्यात बांधाच्या बिळांतून मुठे काढायची, तेच आम्हा सगळ्यांचं कालवण. फवारणीला तिचा विरोध होता तो त्या खेकड्यांपायी. "औषध मारलं का मुठं उलटं पडतात. मंग खायाचं काय, औषध?" असं ती म्हणायची.

दादाचं उत्तर होतं पळींज. भाताच्या खोडात अळी शिरते, पोटरीतली, म्हणजे अजून बाहेर न पडलेली ओंबी आतल्या आत तोडते, आणि बाहेर येते ती पांढरी, पोचट, ताठ उभी ओंबी. तिला आमच्याकडे पळींज म्हणतात. लागोपाठ दोन वर्षं वाकणात पळींज लागली. त्या वर्षी गणपतीत मी गावी होते. नैवेद्याची पानं उठल्यावर दादानं विषय काढला. वडप्याची एक पार्टी वाकणाच्या तुकड्याला तयार होती. मग दोघांत बोलाचाली झाली, आणि शेवटी दादा म्हणाला, "बरं, यंदाचं पीक बघू. पळींज न लागता भात आलं तर मी पुन्यांदा शेत इकायचा शब्द काडनार न्हाय. आन लागली, तर तू आडवा शब्द काडायचा न्हाय."

"दिला शब्द," वहिनी म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. साक्षीला मी होतेच, पण ती नजर साक्षीदाराकडे बघायची नव्हती.

त्या अळीवर उपाय मला माहीत होता. गांधीलमाशीच्या लांबच्या कुळातली एक परजीवी माशी आहे, टाचणीच्या टोकावर दोन-तीन मावतील एवढी. खोडातली अळी जन्मायच्या आधीच, त्या अळीच्या पतंगाच्या अंड्यात ही माशी आपलं अंडं घालते. मग त्या अंड्यातून अळीऐवजी माशी निघते. कागदावर अशी अंडी चिकटवून त्यांची कार्डं मिळतात, शेतात ठिकठिकाणी लावायची. मी कॉलेजातून कार्ड आणलं आणि वहिनीला घरीच माश्या वाढवायला शिकवलं. काचेच्या बरण्या, तोंडाला मलमल, आत कागदावर मधाची रेघ, आणि मी दर रविवारी आणलेली तांदळाच्या पतंगाची ताजी अंडी. माश्या त्यांत अंडी घालायच्या, अंडी काळी पडायची, की ते नवं कार्ड शेतात. वहिनीनं बरण्या ठेवल्या देवाच्या खोलीत. "तिथं गार हाय. कोनी चपला घालून येत न्हाय, आन पोरी हात लावत न्हाईत," ती म्हणाली. मला तिची जागा एकदम पसंत पडली. मी तिला बजावलं, डासांची कॉइल नको, फिनेल नको, अत्तर नको, कसलाही उग्र वास नको. तिनं सगळं पाळलं. भिंतींवर डासांचं औषध फवारायला माणसं आली तेव्हा तिनं त्यांना अंगणातूनच परत पाठवलं.

वहिनी भिंग घेऊन बरणीपाशी बसायची ते मला आजही दिसतं. नर आधी बाहेर पडतात आणि कार्डावरच थांबतात. मग माद्या निघतात. मादीचा गंध लागला की नर तिच्याकडे वळतो, मिशांनी तिच्या मिशांवर टकटक करतो, आणि ती पसंत असेल तर जागच्या जागी स्थिर होते. "लाजली बघा," वहिनी म्हणायची. मी सांगितलं, एकदा मीलन झालं की ती सहसा पुन्हा कुणाकडे बघत नाही. "शानी हाय," वहिनी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. त्या हंगामात ती खूप हसायची. भात पोटरीत यायला लागलं होतं, सकाळी शेतावरून दुधासारखा कोवळा वास यायचा, आणि कार्डं आपलं काम चोख करत होती. बांधावरून चालताना पांढरी ओंबी शोधावी लागत होती.

एका रविवारी वहिनी कोंबड्या झाकायला मागे गेली होती. मी ओट्यावर बसले होते, दादा बूट काढत होता. त्यानं विचारलं, "ती तुजी माशी नुसती वासावरच नवरा वळखते?"

मी म्हटलं, वासावरच. डोळ्यांचा फारसा उपयोग नाही.

"आन मधी दुसराच वास आला, मंग?"

प्रश्न ऐकून मला आनंद झाला होता. शिकवणाऱ्या माणसाला विद्यार्थी भेटला की तो वेडाच होतो. मी भरभरून सांगितलं, की मग घोटाळा, नर मादीला शोधत भरकटतो, मीलन होत नाही. तरीही मादी अंडी घालतेच, पण त्यांतून निघतात फक्त नर. आणि नर काही पतंगाच्या अंड्यात अंडी घालू शकत नाही. म्हणजे पुढची पिढी बिनकामाची.

"नुसतं पोरगंच?" दादा म्हणाला. "मंग चांगलंच हाय की." आणि तो हसत आत गेला.

नवरात्रात कॉलेजात परीक्षा होत्या. रविवारची अंडी मी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवली. फोनवर वहिनीचा आवाज ऐकून मी चकित झाले. एरवी आरतीला मागे भिंतीला टेकून मोबाइल चाळणारा दादा त्या वर्षी उपास करत होता. चांगला गुगुळ त्यानं स्वतः बाजारातून आणला होता. रोज तिन्हीसांजेला चुलीतले निखारे धुपाटण्यात घेऊन तो घरभर फिरत होता आणि वहिनी मागे घंटी वाजवत होती. "इतक्या वर्सांत पयल्यांदा माज्या संगं देवाम्होरं उभं राह्यलं, नलूताई," ती म्हणाली. मलाही बरं वाटलं. शेवटी वय झालं की माणूस सुधारतो, असलं काहीतरी मी बोलले.

दसऱ्याला मी गेले. देवाच्या खोलीचं दार उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते काही भक्तीनं नव्हतं. खोली इतकी कोंदली होती की देवीचा मुखवटासुद्धा धुरकट दिसत होता. बरण्यांच्या मलमलीवर पिवळट थर बसला होता. आतल्या माश्या फिरत होत्या, पण ती टकटक कुठं दिसेना, सगळ्या आपापल्या वाटेनं काचेवर चढत होत्या. वहिनी मागून आली आणि कौतुकानं म्हणाली, "कसं परसन्न वाटतं, न्हाय का?" तिला मी उग्र वासांची लांब यादी ऐकवली होती. त्या यादीत धूप नव्हता, आणि तिनं तो स्वतःहून धरला नाही, कारण देवाचा धूर तिच्या लेखी धूर नव्हताच. कॉइल वेगळी, फिनेल वेगळं. देवीपुढचा धूप कुणाचं वाईट कसं करील?

मी दादाला अंगणात गाठलं. म्हटलं, तुला मी सांगितलं होतं ना वासाचं?

तो शांतपणे सोनं वाटायला निघाला होता, हातात आपट्याची पानं. "धूप देवीचा हाय," तो म्हणाला. "त्याला पन तुजं शास्तर लावतेस? वहिनीला सांग जा, का देवीचा धूप बंद कर. बघू काय म्हनते."

केसानं गळा कापणं म्हणतात ते इतकं जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी घरात परत गेले तर वहिनी त्याच्यासाठी फराळाचं ताट वाढत होती आणि गुणगुणत होती.

एक बरणी मी कॉलेजात आणली. सूक्ष्मदर्शकाखाली नर ओळखायला वेळ लागत नाही, त्यांच्या मिशांना लांब केस असतात. त्या बरणीतून पुढं जी पिढी निघाली, ती सगळी केसाळ मिशांची होती. एकही मादी नाही. त्याच माद्यांची अंडी वाकणातल्या कार्डांवर गेली होती, नेमकी ओंबी बाहेर पडायच्या दिवसांत. गावात ही गोष्ट पसरलीच. पाणवठ्यावर एकीनं वहिनीला ऐकवलं, "बरनीत नुसतं पोरगं, आन घरात दोन पोरी. काय ग तुजं नशीब." वहिनी त्यावरही हसली म्हणे. तिला वाटलं होतं, अंडीच बिघडलेली आली.

दिवाळीच्या आधी मी शेतात गेले तेव्हा वाकण पांढरं झालं होतं. भरलेली ओंबी वाकते, पोचट ओंबी ताठ उभी राहते, आणि वाऱ्यावर अशी सळसळते की ऐकवत नाही. नव्या पाचोळ्याचा वास, गाळाचा वास, आणि त्या सगळ्यात उभी वहिनी. तिनं एक पांढरी ओंबी दोन बोटांत धरून ओढली. ती काहीच जोर न लावता देठासकट हातात आली. मग दुसरी ओढली, मग तिसरी. दादा बांधावर उभा होता. त्याला बोलायची गरजच नव्हती. शब्द वहिनीनं दिला होता.

शिमग्याच्या सुमारास वाकणात मुरमाचे डंपर रिकामे व्हायला लागले. ओढा पाइपात गेला. आज तिथं निळ्या पत्र्याचं लांबलचक गोदाम आहे, दादा आता शेठ आहे, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना हात करतो. जुन्या घराच्या जागी बंगला झाला. घरात तांदूळ पिशवीतून येतो आणि वहिनी तो निवडताना प्रत्येक वेळी म्हणते, "वासच न्हाय याला." पुढच्या नवरात्रात दादानं धुपाटण्याला हात लावला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. वहिनी एकटीच निखारे घेऊन फिरते आणि त्याची बाजू घेते. "दमतात आता. त्या वर्सी केलं तेवढं बास."

मी इतकी वर्षं गप्प का राहिले, असं कुणी विचारेल. मला भीती नव्हती, आणि दादाची दयामाया तर मुळीच नव्हती. शास्त्राच्या बाजूनं बोलायचं तर पुरावाही अर्धाच होता. माद्यांचं मीलन झालं नाही एवढं मी सिद्ध करू शकते, दादाच्या मनात काय होतं ते कुठल्या भिंगाखाली ठेवू? कदाचित तो खरंच देवीला शरण गेला असेल. मग त्याची भक्ती नेमकी एक हंगाम का टिकली, याचंही उत्तर द्यावं लागेल. माशीचं मला पटतं. दाण्यातला नर खोटा गंध सोडतो तो जगण्यासाठी, त्याला दुसरं काही येतच नाही. माणसाला मात्र सरळ बोलता येतं. दादा त्या दिवशी ओट्यावर म्हणू शकला असता, की मला हे शेत नको, मला गाडी हवी. भांडण झालं असतं, चार दिवस चूल पेटली नसती, आणि कदाचित वहिनी हरलीही असती. पण समोरासमोर हरली असती. त्यानं बायकोला हरवायला तिच्याच देवीचा धूर वापरला आणि वर तिच्याकडून पाया पडून घेतलं. याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

या वर्षी सातव्या माळेला मी दिघाशीला गेले. वहिनी मागच्या पडवीत धुपाटणं घासत होती. शेजारची एक नवी सून बसली होती. तिचा नवरा देवाधर्माचं काही करत नाही म्हणून ती कुरकुरत होती. वहिनीनं तिला तीच गोष्ट सांगितली, जी मी प्रत्येक नवरात्रात ऐकते. त्या वर्षी यांनी आपल्या हातानं गुगुळ आणला, उपास धरले, दोघं मिळून खोलीखोलीतून फिरलो. "शेत गेलं माजं त्याच वर्सी," ती म्हणाली, "पन देवीनं शेत घेतलं नि मानूस दिला." बोलताना तिचा चेहरा असा उजळला होता की मला ते सहन झालं नाही.

सून गेल्यावर मी सगळं सांगितलं. ओट्यावरचा प्रश्न, माझं उत्तर, दसऱ्याचं अंगण, केसाळ मिशा. मी हळू आवाजात, एकेक गोष्ट सुटी करून सांगितलं, वर्गात सांगते तसं. आत दादाचा टीव्ही चालू होता. वहिनी धुपाटण्याची कड राखेनं घासत राहिली, आधी जोरात, मग हळू, मग हात थांबला. मला वाटलं होतं ती आत जाईल, त्याला जाब विचारेल. निदान एकदा तरी त्या टीव्हीसमोर उभी राहील. तेवढ्यासाठीच तर मी बोलले होते.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शेत गेलं ते मला कवाच ठावं हाय. ते कोनी नेलं ते सांगून तुमी मला काय दिलंत? ते नऊ दिस माजं व्हतं, नलूताई. आख्ख्या संसारात तेवडंच. ते तुमी नेलंत."

मी म्हटलं, वहिनी, पण खरं ते खरंच ना.

ती उठली. पडवीतल्या चुलीतले निखारे काढून ठेवले होते त्यांवर तिनं तांब्याभर पाणी ओतलं, धुपाटणं पालथं घातलं आणि हात पुसले. बाहेर तिन्हीसांज झाली होती. आतून दादानं विचारलं, "आज धूप न्हाय का गं?"

"न्हाय," वहिनी म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.